ओरखड्यावरून खनिजाची कठिनता कशी ओळखावी

महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणाच्या खाणींत दगड फुटला की त्याच्या पोकळीतून कधी कधी पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक निघतात, आणि हाती घेणारा बहुतेक प्रत्येकजण त्यांना सरसकट गारगोटी म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो स्फटिक क्वॉर्ट्झचा म्हणजे खऱ्या गारगोटीचा, कॅल्साइटचा किंवा ॲपोफिलाइटचा असू शकतो. तिन्ही खनिजे रंगहीन किंवा पांढरी सापडत असल्याने रंगावर विसंबता येत नाही. कठिनता मात्र तिघांची स्पष्टपणे वेगळी आहे आणि ती घरच्या घरी पाहता येते.

कठिनता म्हणजे ओरखडा पडण्याला खनिजाने केलेला विरोध. फुटण्याशी तिचा संबंध नाही; हिऱ्यावर दुसऱ्या खनिजाचा ओरखडा पडत नाही, पण हातोडीच्या घावाने तो फुटू शकतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची चढती क्रमवारी लावली, ती अशी: शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्ल्युओराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वॉर्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुविंद ९ आणि हिरा १०. हे आकडे केवळ क्रम सांगतात. कुरुविंद आणि हिरा यांच्यात एकाच अंकाचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षातले अंतर खालच्या कोणत्याही दोन पायऱ्यांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे.

साधने साधीच लागतात. बोटाचे नख सुमारे २.५, तांब्याची तार ३, चाकूचे पाते आणि खिडकीची काच सुमारे ५.५, तर पोलादी कानस ६.५ धरावी. परदेशी पुस्तकांत तांब्याचे नाणे वापरायला सांगितलेले असते. आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असल्याने ती त्या जागी चालणार नाहीत, म्हणून वीजजोडणीच्या तारेचा सोललेला तुकडा घ्यावा. याखेरीज ओळख पक्की असलेला क्वॉर्ट्झचा एक टोकदार तुकडा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे.

नमुन्याची ताजी, स्वच्छ आणि सपाट बाजू निवडावी, कारण हवापाण्याने झिजलेला पृष्ठभाग मूळ खनिजापेक्षा मऊ असतो. नमुना टेबलावर घट्ट धरून साधनाचे टोक बेताच्या दाबाने सुमारे अर्धा सेंटिमीटर, एकदाच ओढावे. काचेवर स्फटिक घासायचा असेल तर काच हातात न धरता टेबलावर सपाट ठेवावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती यानंतर, दिसलेल्या रेघेचा अर्थ लावताना. मऊ पदार्थ कठीण पदार्थावर घासला की त्याचाच चुरा रेघेसारखा मागे राहतो. म्हणून बोट ओले करून जागा पुसावी. रेघ गेली तर तो चुरा होता. चाकू क्वॉर्ट्झवर ओढला तर करड्या धातूची चकचकीत रेघ उमटते, आणि ती पुसूनही सहज जात नाही. अशा वेळी नखाचे टोक रेघेवर आडवे फिरवावे: खरा ओरखडा खाचेसारखा अडतो, धातूची रेघ अडत नाही. भिंगातूनही हा फरक दिसतो. त्यानंतर उलट चाचणी, म्हणजे नमुन्याच्या टोकाने साधनावर रेघ ओढणे, कधीही टाळू नये. दोघांवरही बारीक ओरखडे पडले तर दोघांची कठिनता जवळपास सारखी आहे असे समजावे.

आता मूळच्या तीन स्फटिकांकडे वळू. चाकूने खाच पडली नाही आणि स्फटिकाने काचेवर खोल ओरखडा काढला, तर तो क्वॉर्ट्झ असण्याची शक्यता मोठी. चाकूने खाच पडली, तर प्रश्न कॅल्साइट (३) की ॲपोफिलाइट (४.५ ते ५) एवढाच उरतो. तांब्याची तार इथे काठावरचे उत्तर देते, कारण तिची आणि कॅल्साइटची कठिनता जवळपास एकच आहे. त्यापेक्षा दोन्ही नमुने एकमेकांवर घासावेत. ॲपोफिलाइट कॅल्साइटवर ओरखडा काढतो, उलटे होत नाही.

काही खनिजांत दिशेनुसार कठिनता बदलते. कायनाइटचा स्फटिक लांबीच्या दिशेने चाकूने ओरखडतो, आडव्या दिशेने नाही. म्हणून शंका आल्यास दोन दिशांनी रेघ ओढून पाहावी. स्कोलेसाइटसारख्या सुईदार झुपक्यांवर ही चाचणी करूच नये, कारण ओरखडा पडण्याआधी सुया मोडतात आणि खनिज आहे त्यापेक्षा मऊ वाटते. पैलू पाडलेल्या रत्नांवर आणि संग्रहातल्या देखण्या नमुन्यांवरही ती करू नये. त्याच पोकळीतला एखादा तुटका कपचा पुरेसा असतो. वहीत नोंद करताना नेमका आकडा न लिहिता ‘३ पेक्षा जास्त, ५.५ पेक्षा कमी’ अशी मर्यादा लिहावी आणि कोणत्या साधनाने, कोणत्या बाजूवर चाचणी केली तेही सोबत टिपावे.