'डिस' म्हणजे आपला 'दुः'

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून बीएस्सी नर्सिंगला गेलेली मी पहिलीच. दहावीपर्यंत सगळं मराठीत. पहिल्या वर्षी डिस्पनिया, डिसयुरिया, डिसपेप्सिया हे शब्द घोकून पाठ केले, आणि वॉर्डात उभं राहिल्यावर एकही वेळेवर आठवेना.

मेडिसिन वॉर्डात लकवा मारलेले एक आजोबा होते. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल माझ्याशी भरपूर बोलले, मग म्हणाले, "पाणी पेलं का ठसका लागते, बाई." मी नोट्समध्ये लिहिलं, डिसफेझिया. राउंडला सरांनी ते वाचून विचारलं, "आजोबा, बोलता येत नाही का?" आजोबा म्हणाले, "कोन म्हन्ते?" अख्खा वॉर्ड हसला.

लिहायचं होतं डिसफेजिया. एक गिळण्याचा त्रास, दुसरा बोलण्याचा. आपल्या तोंडी ज आणि झ सारखेच, फरक स्पेलिंगमध्ये: जी की एस. मी तेव्हापासून जी म्हणजे गिळणे, एस म्हणजे संभाषण असं धरलं. हसण्यावारी गेलं म्हणून बरं. नीट गिळता न येणाऱ्या पेशंटला कोणी चहा पाजला तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

त्या रात्री शब्द फोडून पाहिले. 'डिस' हा ग्रीक उपसर्ग: वाईट, अवघड, त्रासाचं. आणि तो परका नाहीच, दुर्गंध, दुष्काळ, दुःस्वप्न यांतल्या 'दुः'चा सख्खा चुलतभाऊ आहे. संस्कृत आणि ग्रीक एकाच जुन्या भाषाकुळातल्या. मग प्निया म्हणजे श्वास, युरिया लघवीतला, पेप्सिया पचनातला. एंटेरा म्हणजे आतडी, म्हणून डिसेंट्री. टोकोस म्हणजे बाळंतपण, म्हणून डिस्टोशिया. आमच्याकडे म्हणतात 'बाई अडली'.

स्पेलिंग बघत जा. डी-वाय-एस असेल तरच हा ग्रीक 'डिस'. डिस्चार्ज, डिसलोकेशन यांत आय आहे, तो लॅटिन, अर्थ 'वेगळं, दूर'. डिसीजमध्येही आयच, तो फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ 'आराम नसणं'. आणि मलेरियातला 'मल' इटालियन: माला आरिया, वाईट हवा. पूर्वी ताप दलदलीच्या हवेनं येतो असं मानत. डास बिचारा उशिरा सापडला.

पण खरा उपयोग झाला तो वहीच्या दोन रकान्यांचा. डावीकडे पेशंट काय म्हणतो, उजवीकडे शब्द. 'धाप लागते', डिस्पनिया. 'घास उतरत नाही', डिसफेजिया. 'पाळीत पोट लई दुखते', डिसमेनोरिया. एका आजीनं 'उन्हाळी लागली' सांगितलं तेव्हा माझ्या मुंबईकडच्या मैत्रिणीनं उन्हाचा त्रास लिहिला. एप्रिल होता, तिचंही काय चुकलं म्हणा! पण आजीला लघवी करताना जळजळ होत होती. डिसयुरिया. पुस्तकातली व्याख्या पाठ असूनही ती चुकली, आणि मला मात्र व्याख्या न आठवताही जमलं. याचा मला थोडा जास्तच आनंद झाला, हे कबूल.

एक ओळ बरेच दिवस अर्धी राहिली: 'अंगात कसंनुसं होते.' डिसचे सगळे शब्द लावून पाहिले, एकही बसेना. शेवटी तिसऱ्या वर्षी एका सिस्टरनी उजवीकडे लिहून दिलं, मलेझ. तोही फ्रेंचच निघाला.