फॉरवर्ड बाजूला ठेवा, आधी पगारपत्रक काढा

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांच्या मोबाइलवर फॉरवर्डचा नुसता पाऊस आहे. त्यातलं निम्मं अर्धवट असतं. ते राहू द्या आणि आधी आपलं पगारपत्रक टेबलावर घ्या, कारण मोठा बदल तिथेच आहे.

एकेकाचा पगार फोडून बघा. बेसिक आणि महागाई भत्ता एकीकडे. घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते दुसरीकडे. हे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. समजा, प्रॉडक्शन मॅनेजरला महिना 50,000 मिळतात आणि बेसिक आहे 20,000. भत्ते झाले 30,000. निम्म्याच्या वरचे 5,000 वेतनात गेले की वेतन 25,000. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायची एकरकमी रक्कम, काढताना वेतनाला 26 ने भागून 15 ने गुणायचं. म्हणजे या एका माणसामागे नोकरीच्या दर वर्षाला सुमारे 2,885 रुपये जादा बाजूला काढावे लागतील. पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच भरत असाल, तर त्याच्या पीएफात फरक नाही. बेसिक मुद्दाम खाली ठेवण्याची युक्ती आता फारशी उपयोगाची नाही, हे अकाउंटंटलाही सांगून ठेवा.

मग नेमणूकपत्रं. जतहून ओळखीनं आलेल्या वेल्डरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना लेखी द्यायची. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला ग्रॅच्युइटी एका वर्षानंतरच लागू होते. पाच वर्षं थांबायचं नाही.

सोडून जाणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. "पुढच्या सात तारखेला ये बघ" हे बंद. उचल किती, ओव्हरटाइम किती, याची नोंद रोजच्या रोज असेल तरच हे जमतं. नाहीतर शेवटच्या दिवशी मस्टर एकीकडे, चिठ्ठ्या दुसरीकडे आणि माणूस दारात उभा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं धरा.

ऑफिसातल्या कॅलेंडरवर काही तारखा गोल करून ठेवा. राज्याच्या किमान वेतनातला विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारात. बोनसचं वेगळं सांगायला नको, दिवाळी जवळ आली की कामगारच आठवण करून देतात.

चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची आहे. दवाखान्यांचं गाव मिरज शेजारी असताना दवाखान्याची सबब चालणार नाही. रिपोर्ट मात्र फाइलला लावा. दहा किंवा जास्त माणसं असतील, तर लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला आणि एक सदस्य बाहेरचा. मालकाच्या घरातलीच चार नावं लिहून समिती होत नाही.

राहिला कंत्राटदार. त्यानं पगार बुडवला, तर कामगार तुमच्याच दारात येणार आणि कायदाही तुम्हालाच द्यायला लावणार. म्हणून त्याचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याची पीएफ-ईएसआयची चलनं आणि कामगारांच्या खात्यावर पगार गेल्याचा बँकेचा कागद मागून घ्या. चलनावरची नावं गेटच्या हजेरीशी ताडून बघा, आणि मगच सही करा.