नाशिक की जर्मनी? राहणीमानाची तुलना करताना या चुका टाळा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींच्या घरी जर्मनीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रुपयांत किती? महिना ४,००० युरो. युरो १०० रुपयांना धरला तर ४ लाख. एवढा गुणाकार झाला की पुढचं बोलणंच थांबतं. पण निर्णय फक्त पगाराचा नसतो. घराचा, लेकरांच्या शाळेचा, आईवडिलांच्या म्हातारपणाचाही असतो. म्हणून हा हिशोब नीट मांडायलाच हवा.

सगळ्या पगाराला एकच दर लावणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पगारातला काही पैसा तिथेच खर्च होणार, काही शिल्लक राहणार. शिल्लक नाशिकला पाठवली तर तिला बँकेचा दर लागू होतो. खर्च होणाऱ्या पैशाला मात्र तिथल्या बाजारभावानेच मोजावं लागतं. या दोन दरांत किती अंतर असू शकतं, ते जागतिक बँकेने २०१७ सालासाठी केलेल्या मोजणीत दिसतं. अमेरिकेत १ डॉलरला येणाऱ्या वस्तू-सेवा भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होत्या, आणि बाजारात डॉलर होता ६५.१२ रुपयांना. यातल्या २०.६५ रुपयांच्या दरालाच क्रयशक्ती समता म्हणतात. मोबाइल, लॅपटॉप, विमानाचं तिकीट यांच्या किमती जगभर फारशा बदलत नाहीत. केस कापणं, रिक्षा, स्वयंपाकाच्या मावशी यांच्या मात्र खूप बदलतात.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. क्रयशक्तीचा दर सगळ्या पगाराला लावून ‘इथले दीड लाख तिथल्यापेक्षा भारी’ असं ठरवून टाकतात. तेही चुकीचंच, कारण शिल्लक पैशाला तो दर लागत नाही.

कागदावर दोन रकाने आखा. एकट्या, मूलबाळ नसलेल्या माणसाला ४,००० युरोतले कर आणि विमा कापून साधारण २,६०० हातात येतात. समजा १,८०० खर्च झाले, तर शिल्लक ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपये. या ८० हजारांची तुलना नाशिकमध्ये तुमच्या हाती महिनाअखेर जे उरतं त्याच्याशी करा. आणि त्या १,८०० युरोंत कसं घर, कसं जेवण, कसा प्रवास मिळतो, हे तुमच्या आजच्या राहणीशी ताडून बघा. ४ लाखांचा आकडा या कागदावर कुठेच येत नाही.

इकडची सीटीसी, तिकडचा हातातला पगार

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, तो सगळा हातात येत नाही. तुलना हातातल्या पगाराची हातातल्या पगाराशीच करा. पण तिकडची कपात म्हणजे बुडालेला पैसा, असं समजू नका. सरकारी आरोग्य विम्याचा मूळ दर १४.६ टक्के आहे, वर थोडी जादा आकारणी. त्यातला निम्मा भार कंपनी उचलते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. पेन्शन विमा १८.६ टक्के, तोही निम्मा-निम्मा. ५ वर्षं हप्ते भरले की म्हातारपणी पेन्शनचा हक्क मिळतो.

भारतात २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला होता. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी ओझं कमी नाही. म्हणून नाशिकच्या रकान्यात मेडिक्लेमचा हप्ता, औषधं आणि शाळेची फी लिहायला विसरू नका. जर्मनीत सरकारी शाळांना फी नाही.

भाड्याची जाहिरात अर्धीच वाचणं

जाहिरातीत ‘काल्टमिटे’ लिहिलेलं असेल तर त्यात हीटिंग, पाणी, कचरा यांचा खर्च नसतो. हे खर्च धरलेल्या भाड्याचा, म्हणजे ‘वार्ममिटे’चा आकडा धरा, आणि वीज बहुतेक वेळा त्याहूनही वेगळी असते. डिपॉझिट मूळ भाड्याच्या ३ महिन्यांपर्यंत मागता येतं. शहर पक्कं झाल्याशिवाय हिशोबाला बसूच नका; म्युनिक आणि लाइपझिग यांच्या भाड्यांत फार फरक आहे. आणि ‘तिथे स्वतःचा फ्लॅट होणार नाही’ याचा धसका घेऊ नका. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात, आणि भाडेकरूला कायद्याचं भक्कम संरक्षण आहे.

देशाचा क्रमांक स्वतःच्या घराला लावणं

मानव विकास निर्देशांक १९९० पासून निघतो. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून तो काढतात. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारत १३० वा आहे, जर्मनी पहिल्या पाचात. पण गंगापूर रोडवरचं दोन पगारांचं घर आणि सुरगाण्याचा पाडा या सरासरीत एकत्रच मोजले जातात. सार्वजनिक दवाखाने, शाळा, बस यांवर किती विसंबता येईल, याचा अंदाज घ्यायला हा क्रमांक मला उपयोगी वाटतो. तुमच्या घराचं सुख त्यावरून ठरवू नका.

राहणीखर्चाचे दोन ठिकाणी वाचलेले आकडे जुळत नसतील तर

आधी भाडं धरलंय का ते पाहा. शहरांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या नंबिओ या वेबसाइटच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकात न्यूयॉर्कचा खर्च १०० धरतात आणि भाडं वगळतात. भाड्यासकटचा निर्देशांक वेगळा असतो. शिवाय तिथले बरेच भाव लोकांनीच भरलेले असतात, त्यामुळे छोट्या शहराचा आकडा थोड्याच नोंदींवर उभा असू शकतो.

जोडीदाराचा पगार आणि घरातली माणसं विसरणं

नाशिकमध्ये दोघं कमावतात आणि नातवंडांना आजी-आजोबा सांभाळतात, त्या घराची तुलना तिथल्या एका पगाराशी होते तेव्हा रकाने आपोआप बदलतात. पाळणाघर, घरकामाला द्यावा लागणारा स्वतःचा वेळ, वर्षातून एकदा घरी यायची तिकिटं, इथे आईवडिलांच्या मदतीला ठेवलेलं माणूस, सगळं लिहा. दुसऱ्या बाजूला पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस पगारी रजा आहे, तीही लिहा. जोडीदाराच्या कामाला जर्मन भाषा लागणार असेल, तर ती येईपर्यंतचा काळ एकाच पगारावर मांडा, आणि दोन पगारांचा कागद त्यानंतरच्या वर्षांसाठी वेगळा करा.