शेजारी कारखाना येतोय? सुरू व्हायच्या आधी काय काय मोजून ठेवायचं

आमच्या घरामागे मोकळी जागा होती, तिथे एक मोठं गोदाम झालं, कागदावर नाव लॉजिस्टिक्स पार्क, आणि ते सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत आम्ही पंधरावीस जण तक्रार घेऊन गेलो की रात्री झोप लागत नाहीये, तर समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, आधी किती आवाज होता इथे? कुणाकडेच उत्तर नाही. शांत होतं हो, एवढंच. त्याच्या फाइलमध्ये मात्र आकडा होता, त्यांच्याच कन्सल्टंटने भर दुपारी मेन रोडच्या कडेला उभं राहून घेतलेला, आणि तो बघितला तर आमच्या वस्तीत कधी शांतता नव्हतीच असं वाटावं. तेव्हापासून कुणी म्हणालं की आमच्याकडे प्लांट येतोय, गोदाम येतंय, डेटा सेंटर येतंय, की मी एकच सांगतो, विरोध करायचा की स्वागत ते नंतर ठरवा, आधी वही काढा. कारण काम सुरू झाल्यावर "आधीचं" परत मोजता येत नाही.

कागद कसे वाचायचे

पर्यावरण अहवाल हातात आला तर पहिल्या पानापासून वाचायच्या फंदात पडू नका, पाचशे पानं असतात आणि पन्नासाव्या पानाला झोप लागते. मी आधी तीन गोष्टी शोधतो. एक, हवा-आवाज-पाणी कधी आणि कुठे मोजलं, म्हणजे कुठला महिना, किती दिवस, दिवसा का रात्री पण, आणि मोजायची जागा तुमच्या घरापासून किती लांब. दोन, कामाच्या वेळा, २४ तास असेल तर तसं लिहिलेलं असतं पण बऱ्याचदा एका ओळीत आणि भलत्याच चॅप्टरमध्ये. तीन, गाड्या.

गाड्यांवर जरा थांबतो, कारण लोक चिमणीकडे बघत बसतात आणि त्रास येतो तो गेटमधून. अहवालात "दिवसाला २०० ट्रक" असं असेल तर तुमच्या गल्लीसाठी तो आकडा ४०० आहे, कारण आलेला प्रत्येक ट्रक परत पण जातो. आता हे ४०० चोवीस तासांत सारखे वाटले तर साडेतीन-पावणेचार मिनिटांना एक, ठीकठाक वाटतं, पण माल असा सारखा येत नाही, कटऑफ टाइम असतात, म्हणजे माल पोचायची शेवटची वेळ. तेच ८ तासांत आले तर तासाला ५०, म्हणजे दर ७२ सेकंदांना एक ट्रक. शाळा सुटायची वेळ त्यात येते का हे जनसुनावणीत विचारायचं. आणि रस्त्याचं तर गणितच वेगळं, अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली होती, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या दांड्यावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते, आणि वजन दहापट असेल तर १०,००० पट. त्यामुळे "तुमच्या कार पण जातातच ना त्याच रस्त्याने" असं कुणी म्हणालं तर हे ऐकवा. रस्ता दुरुस्त कोण करणार हे लेखी घ्या, खड्डे पडल्यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोजायचं कसं? खिडकीत बसा, एक तास, कागदावर रेघा मारा, बाइक-कार-ट्रक असे तीन कॉलम. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा दिवस, आणि एक रात्र, महिन्यातून एकदा. कंटाळवाणं आहे, पण घरातल्या पोरांना लावलं तर ती आवडीने करतात.

आवाज, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

डेसिबल सरळ वाढत नाही. ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट, १० ने वाढला की दहापट, आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून "फक्त ५-६ डेसिबलचा फरक पडेल" असं कुणी म्हणालं की त्यातला फक्त हा शब्द खोडून टाकायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रात्रीसाठी घराबाहेर सरासरी ४० डेसिबल ही पातळी सुचवली होती, ती वर्षभराची सरासरी आहे, एका रात्रीच्या मोजमापाशी थेट तुलना होत नाही, पण अंदाज येतो.

मोबाइलमधलं अ‍ॅप कोर्टात टिकणारं नाही, पण आधी आणि नंतर बघायला चालतं, अट एकच, तोच फोन, तीच जागा, तीच वेळ. मी गॅलरीच्या कठड्यावर खडूने एक फुली केली होती आणि फोन कायम तिथेच ठेवायचो, कव्हर काढून. दहा मिनिटं लावायचं आणि सरासरी लिहायची, सगळ्यात मोठा आकडा नाही, तो तर कुत्रं भुंकलं तरी येतो.

आता खरी मेख. मोठे पंखे, चिलर, कॉम्प्रेसर, डेटा सेंटरचं कूलिंग यांचा आवाज खालच्या सुरातला असतो, घूंऽऽऽ असा, आणि मीटर नेहमी ज्या सेटिंगवर असतो ते म्हणजे ए-वेटिंग, ते खालचे सूर मोजताना कमी धरतं, ५० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे मीटर म्हणतो सगळं ठीक आणि तुमचं डोकं म्हणतं वेड लागेल. अ‍ॅपमध्ये सी-वेटिंगचा ऑप्शन असेल, ते खालचे सूर फारसे कमी धरत नाही, तर दोन्ही घ्या, सीचा आकडा एपेक्षा १५-२० ने जास्त आला तर खालच्या सुराचा आवाज आहे असं समजायला हरकत नाही आणि हे तक्रारीत याच शब्दांत लिहायचं. खिडकी लावून हा आवाज थांबत नाही, उलट वरचे आवाज गेल्यामुळे तो जास्तच जाणवतो, हे मी स्वतः अनुभवलंय, बायको म्हणायची तुला भास होतात.

एकाच ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने कमी होतो, हे मोकळ्या जागेत. पण रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असली की आवाज वर न जाता खाली वाकतो, म्हणून दिवसा ज्याचा पत्ता नसतो ते रात्री दोनला उशाशी आल्यासारखं वाटतं. तेव्हा दुपारच्या पाहणीला आलेल्या साहेबांना काही ऐकू आलं नाही म्हणून भांडू नका, त्यांना पहाटे बोलवा. बॅकअप जनरेटर असतील तर त्यांची टेस्टिंग कधी करणार ते पण विचारा, ते अधूनमधून चालवून बघावेच लागतात आणि तेव्हा आवाज आणि डिझेलचा धूर दोन्ही येतात. डिझेलचा धूर कॅन्सरला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय.

धूळ आणि वास

धुळीसाठी भारी मशीन लागत नाही. खिडकीच्या बाहेरच्या पट्टीवर एक फूटभर जागा पेन्सिलने आखायची आणि दर रविवारी ओल्या पांढऱ्या फडक्याने तेवढीच पुसायची, प्रत्येक वेळी नवीन तुकडा, वाळवायचा, पिशवीत घालायचा, वर तारीख. चार महिन्यांचे तुकडे ओळीने मांडले की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. धातूचं काम असेल तर कागदात लोहचुंबक गुंडाळून त्या धुळीवरून फिरवा, काळे बारीक कण चिकटतात का बघा. पण साध्या मातीत पण थोडे चिकटतात, म्हणून हे पण आधी करून ठेवायचं, नाहीतर परत तोच प्रश्न, आधी किती होतं?

डोळ्याला दिसते ती धूळ त्रासाची, पण आत खोल फुप्फुसात जाते ती न दिसणारी, पीएम २.५, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस भागांतला एक भाग एवढी. तिची जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पातळी एक घनमीटर हवेत २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी ५ आहे. घरगुती सेन्सर मिळतात, घ्या, पण दमट हवेत ते जास्त दाखवतात आणि कुठलाही वायू ओळखत नाहीत, त्यामुळे सेन्सर हिरवा आहे म्हणजे हवा चांगली असं नाही. शक्य असेल तर दोन सेन्सर, एक कारखान्याच्या बाजूला आणि एक पलीकडच्या टोकाला, म्हणजे फरक कळतो.

वासाचा पुरावा सगळ्यात अवघड कारण नाक काही मिनिटांत सवय करून घेतं. घरात बसून तुम्हाला येत नाही, बाहेरून आलेला पाहुणा नाक मुरडतो. सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तर जास्त झाला की, साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे, नाकच बंद पाडतो, वास गेला म्हणजे धोका गेला असं तिथे मुळीच नाही. म्हणून वास आल्या आल्या लिहा: किती वाजता, कशासारखा (जळलेलं रबर, थिनर, कुजका कोबी, जे सुचेल ते), ० ते ५ मध्ये किती, किती वेळ, आणि वारा कुठून. वाऱ्यासाठी गच्चीवर काठीला हलकी रिबन बांधली की झालं. आणि हे बहुतेक सगळे विसरतात, वास नव्हता ते दिवस पण लिहायचे. वारा तिकडून आला की वास, इकडून गेला की नाही, असं महिनाभराच्या वहीत दिसलं तर ती वही खोडून काढणं कठीण जातं. नुसत्या वासाच्याच नोंदी असतील तर समोरचा म्हणतो नाल्याचा असेल.

पाणी, भेगा, उजेड, भराभर

विहीर किंवा बोअर असेल तर काम सुरू व्हायच्या आधी लॅबमधून टेस्ट करून रिपोर्ट जपून ठेवा, बाटली लॅबचीच घ्या. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, केमिकल किंवा जंतू नाही. विहिरीची पातळी दोरीला वजन बांधून महिन्यातून एकदा, पंप चालू करायच्या आधी. मोठी जागा काँक्रीटने झाकली की पावसाचं पाणी मुरत नाही, ते धावतं, तर उताराला राहणाऱ्यांनी या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत येतं त्याचा व्हिडिओ आत्ताच काढून ठेवा.

भिंतीच्या भेगा, पायलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालणं) सुरू व्हायच्या आधी. प्रत्येक भेगेशेजारी पट्टी धरून फोटो, आणि भेग जिथे संपते तिथे पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. भेग रेघेच्या पुढे गेली की वाद संपला.

उजेडाबद्दल आधी कुणी बोलत नाही आणि नंतर सगळे बोलतात. दिव्यांचं तोंड खाली असावं, वरून झाकलेले असावेत आणि पांढऱ्याफटकऐवजी पिवळसर असावेत, ही मागणी डिझाइनच्या वेळी केली तर पटकन मान्य होते.

आत काय साठवलंय ते विचाराच

भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात रात्री वायू सुटला तेव्हा आजूबाजूच्या लोकांना तो काय आहे आणि पळायचं कुठे हेच माहीत नव्हतं, तो हवेपेक्षा जड होता आणि जमिनीलगत पसरला. त्यानंतर अमेरिकेत १९८६ मध्ये शेजाऱ्यांना रसायनांची माहिती मिळण्याचा कायदा झाला, युरोपात तर इटलीतल्या सेवेसोच्या १९७६ च्या रासायनिक अपघातानंतर १९८२ मध्येच नियम आले. तेव्हा हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. काय साठवणार, जास्तीत जास्त किती, भोंगा कसा वाजेल आणि वाजल्यावर आम्ही घरात थांबायचं का बाहेर पडायचं. घरात थांबायचं असेल तर खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट बंद. बाहेर पडायचं असेल तर वाऱ्याच्या दिशेने धावायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. क्लोरीनसारखा जड वायू खाली साचतो, तळघरात लपू नका.

नोकऱ्यांचं पण विचारा, त्यात लाजायचं काही नाही, फायदा होतो तो होतोच, भाडेकरू येतात, बस सुरू होते, रस्त्यावर दिवे येतात. फक्त आकडा फोडून मागा, बांधकामापुरत्या किती आणि नंतर कायमच्या किती. डेटा सेंटरमध्ये बांधताना शेकडो माणसं दिसतात आणि चालवायला त्यामानाने मूठभरच लागतात.

तक्रार करताना "असह्य त्रास होतोय" असं लिहू नका, कितीही खरं असलं तरी. तारीख, वेळ, आकडा, कशाचा आवाज, आणि काय हवंय ते. आमच्या वेळी आम्ही पहिले तीन अर्ज रागाने लिहिले, तिन्ही वाया. मग वहीतून लक्षात आलं की रात्री ११ ते ३ मध्ये जाग येते ती ट्रकच्या इंजिनने नाही, रिव्हर्सच्या बीप-बीपने. चौथ्या अर्जात फक्त तेवढंच लिहिलं, की यार्डात गाड्या गोल फिरवून काढा म्हणजे रिव्हर्स कमी लागेल, आणि त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना बीपऐवजी तो फस्स-फस्स वाजणारा अलार्म बसवा, त्याचा आवाज एका सुरात नसल्यामुळे लांबवर टोचत नाही. सहा आठवड्यांनी त्यांच्या गाड्यांवर बसले. बाहेरून येणारे ट्रक अजून बीप करतात, त्यांचे नंबर लिहून ठेवतोय, सध्या वही तिसरी चालू आहे.