जुन्या होडीची डिझेल टाकी बदलताय? आधी या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, शाकारलेल्या, आणि याच दिवसांत सगळ्यांना आठवतं की अरे टाकी गळत होती, डिझेलचा वास येत होता, फिल्टरमध्ये काळं काहीतरी येत होतं. मग नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली की धावपळ सुरू, फॅब्रिकेशनवाल्याकडे रांग, आणि घाईघाईत जी मिळेल ती टाकी बसवून मोकळे. मी पण हेच केलं होतं, म्हणून लिहितोय.

आमची 26 फुटी फायबरची होडी, आत दोन सिलिंडरचं इंजिन, लोखंडी टाकी जवळजवळ इंजिनाच्याच वयाची. खालून सडली. मी स्टीलची नवी करून घेतली, फिट केली, आणि पहिल्याच फेरीला सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समोर दहा-बारा वाव (साठ-सत्तर फूट) पाण्यात इंजिन बंद. परत चालू केलं, वीस मिनिटं चाललं, परत बंद. फिल्टर बदलला, डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली एअर काढली, तरी तेच. शेवटी काकांनी काही न बोलता टाकीचं झाकण सैल केलं, फुस्स करून आवाज झाला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं. ब्रीदरचा (टाकीत हवा येण्या-जाण्याचा) पाइप मी फळीमागून नेताना दाबला गेला होता, म्हणजे डिझेल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकी आतून ओढली जातेय. काका एवढंच म्हणाले, "झिला, टाकी बदललंस, पण ती सडली कशान ता बघलंस?"

तोच खरा प्रश्न आहे. आपण टाकी बदलतो आणि ती ज्या कारणाने गेली ते कारण तसंच ठेवतो. लोखंडी टाकी बऱ्याचदा डिझेलने सडत नाही, पाण्याने सडते. वरून झाकणातून उडालेलं पाणी, रात्री गार झालं की आतल्या हवेतलं दव, कधी कॅनमधूनच आलेलं, हे सगळं पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं. डिझेल आणि पाणी जिथे मिळतात त्या रेषेवर जिवाणू-बुरशी वाढते, तोच तो काळा गाळ जो फिल्टरला चोंदवतो. आणि बाहेरून काय, तर टाकी सपाट फळीवर नाहीतर फोमवर ठेवलेली असते, खाली खारं पाणी अडकून राहतं, पत्र्याला वारा म्हणून लागत नाही. दोन्हीकडून तळच मार खातो.

म्हणून जुनी टाकी काढली की लगेच भंगारात देऊ नका. उलटी करा आणि बघा भोक कुठे पडलंय. गंज बाहेरून आत गेलाय की आतून बाहेर, कोपऱ्यात आहे की जिथे फळी टेकत होती तिथे, हे बघितलं की नव्या टाकीत काय बदलायचं ते आपोआप कळतं. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नव्हतं.

आता एक गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका. जुन्या टाकीला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावायचं नाही. "डिझेल आहे, पेट्रोल थोडंच आहे" हे वाक्य मी बंदरावर कितीतरी वेळा ऐकलंय. आपल्या साध्या पंपावरच्या डिझेलला फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश लागतो, म्हणजे तेवढ्यावरही ठिणगी लागली तर पेट घेऊ शकेल एवढी वाफ काही डिझेलची सुटू शकते, आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेला लोखंडी पत्रा त्यापेक्षा किती तापतो ते हात लावून बघा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. एकदा साबणाने धुतली म्हणून सुरक्षित होत नाही, सांध्यात, गाळाखाली राहिलेलं डिझेल गॅस कटरच्या उष्णतेने परत वाफ होतं. डागडुजीपेक्षा नवी घ्या. आणि काम करताना बॅटरीची वायर काढून ठेवा, स्टोव्ह-बिडी लांब, जवळ पावडरचं अग्निशामक. काढलेला गाळ खाडीत ओतायचा नाही, कॅनमध्ये भरून ठेवा.

आता पत्र्याचं. इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात. पहिली चूक म्हणजे जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, स्वस्त पडतो आणि गंजत नाही म्हणून. बाहेरून ठीक आहे हो, पण आतला जस्ताचा थर डिझेलशी प्रक्रिया करतो आणि तो चिकट माल पुढे जाऊन फिल्टर, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) खराब करतो. तांब्याची लाइन आणि पितळेचे जास्त तुकडे पण शक्यतो टाळा, तांब्याने डिझेल लवकर खराब होतं. दुसरी चूक "स्टील म्हणजे स्टील" समजणं. भांड्यांना आणि रेलिंगला लागतं ते 202 सुद्धा स्टीलच, आणि लोक चुंबक लावून बघतात, चिकटलं नाही की खूश होतात. अहो चुंबक 202, 304, 316 यातल्या कुठल्यालाही नीट चिकटत नाही, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही. समुद्रासाठी 316, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या पाण्यात टिकतं, आणि वेल्डिंग असेल तर 316 एल. बिलावर ग्रेड लिहून घ्या, पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. जाडी 2 मिमी तरी. पण 316 सुद्धा ओल्या फोममध्ये दाबून ठेवलं तर भोकं पडतातच, कारण स्टीलला हवा लागते.

प्लॅस्टिकची तयार इंधन टाकी मिळते ती चांगली, गंजच नाही. मात्र पाण्याची काळी टाकी किंवा निळा ड्रम वापरू नका, त्यांची तोंडं आणि जोड इंधनासाठी केलेले नसतात. आणि प्लॅस्टिक टाकी पहिल्यांदा भरल्यावर थोडी फुगते, त्यामुळे चारही बाजूंनी बोटभर जागा सोडा, नाहीतर एक तर टाकी चेंगरते नाहीतर पट्टा तुटतो. पेट्रोलवर आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) चालवणाऱ्यांनी जुन्या फायबरच्या टाकीपासून सावध, आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रेझिनला आणि जुन्या रबरी पाइपला मऊ करतं आणि पाणी पण ओढून घेतं.

मापात फसलेले तर शेकड्याने भेटतील. लोक जुनी टाकी मोजतात आणि तशीच करायला देतात, पण आत नेण्याची वाट मोजत नाहीत. मूळ टाकी होडी बांधतानाच आत गेली होती, डेक नंतर आला! मग नवी टाकी इंजिनाच्या बाजूने जातच नाही आणि डेक कापायची वेळ येते. पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची नकली टाकी करा, तोंड-पाइप सकट, आणि ती खरंच आत जाते का, फिरते का, झाकणापर्यंत हात पोचतो का ते बघा. नाही गेली तर एक मोठीऐवजी दोन लहान करा, तसंही दोन बऱ्या, एकीत पाणी आलं तर दुसरीवर घरी येता येतं. क्षमता काढायला लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 1000. 100 बाय 50 बाय 40 म्हणजे 200 लिटर, आणि भरल्यावर ते डिझेलच साधारण 165-170 किलो, म्हणजे तीन धडधाकट खलाशी एका जागी बसवल्यासारखे. डाव्या कुशीला ठेवली तर होडी कलणारच. लांब टाकीत आत आडवे बॅफल (डिझेल अडवणारे पडदे) हवेत, नाहीतर लाटेबरोबर डिझेल एका टोकाला धावतं, पिकअप (डिझेल ओढणारा पाइप) उघडा पडतो आणि लाइन एअर धरते.

टाकी करायला देताना हे सांगायला विसरू नका: वर हात जाईल एवढं तपासणीचं झाकण, तळ एका कोपऱ्याकडे थोडा उतरता आणि तिथे पाणी काढायचा नळ, पिकअप तळापासून इंचभर वर (अगदी तळाला नेला की आधी पाणीच ओढतो), आणि रिटर्न लाइनचं (इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणाऱ्या पाइपचं) तोंड वेगळं. ब्रीदर पाइप सरळ चढता, मध्ये कुठे पोट नाही, तोंड खाली वळवलेलं आणि त्याला जाळी. पोट पडलं की त्यात डिझेल साचतं आणि भरताना झाकणातून उलटं अंगावर येतं.

बसवण्याआधी गळती बघा, आणि तीही कंप्रेसर न लावता, कारण सपाट बाजूची टाकी हवेच्या दाबाने फुगते, फाटू शकते. सगळी तोंडं बंद करा, एकाला पारदर्शक पाइप जोडा, टाकी पाण्याने काठोकाठ भरून पाइप टाकीच्या साडेसहा फूट वर बांधा आणि तिथवर पाणी चढवा. खूण करून चार-पाच तास सोडा. पाणी उतरलं तर कुठेतरी सांधा गेलाय. नंतर टाकी कोरडी, म्हणजे खरंच कोरडी करा, तिथे आळस केला तर पाणी आपणच भरलं असं होईल.

बसवताना खाली चिकटवलेल्या रबराच्या पट्ट्या, मध्ये वाऱ्याला वाट, आणि बिल्जचं (होडीच्या तळात साचणारं) पाणी टेकणार नाही एवढी उंची. पट्टे घट्ट पण लाकडी होडी असेल तर थोडी लवचीक जागा ठेवा, फळ्या हलतात. लाइनला इंधनाचाच पाइप, बागेचा नाही, आणि प्रत्येक जोडाला दोन क्लिपा. वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) आणि टाकीजवळ बंद करायचा वॉल्व्ह हे दोन्ही नसतील तर या निमित्ताने लावूनच घ्या.

सगळं करून पण त्रास होतो तेव्हा: थोडं चालून बंद पडतंय, झाकण सैल केल्यावर बरं होतंय, तर ब्रीदर. सकाळी सुरू होत नाही, पण एअर काढली की सुरू होतं, तर सक्शनच्या जोडात हवा घुसतेय, बाहेर डिझेल गळत नाही म्हणून ते दिसत नाही. नव्या टाकीतही काळा गाळ, तर जुनं डिझेल न गाळताच नव्यात ओतलंय, किंवा जुने पाइप धुतलेलेच नाहीत. काटा अर्धा दाखवतो आणि टाकी रिकामी, तर सेंडरची (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या दांड्याची) लांबी जुन्या टाकीची आहे, तोवर खुणा केलेली काठी वापरा. बंदीच्या दोन महिन्यांत टाकी अर्धवट ठेवू नका, वर रिकामी हवा जितकी जास्त तितकं दव जास्त. मी भरून ठेवतो आणि ऑगस्टला निघायच्या आधी नळाखाली काचेची बरणी धरतो. गेल्या वर्षी बरणीत तळाला अर्धा इंच पाणी आलं, फिलरच्या झाकणाची ओ-रिंग फाटली होती. किरकोळ पैशांची रिंग.