अमेरिकेच्या ग्रामीण काउंटीत गाडीशिवाय प्रवास कसा करावा

रस्त्याच्या कडेला उभं राहून बसची वाट पाहू नका. बहुतेक ग्रामीण काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ठरलेल्या मार्गाची बस नसतेच; असते ती फोन करून बोलवायची छोटी बस. ५०,००० पेक्षा कमी लोकवस्तीच्या भागांना वाहतूक कायद्याच्या ‘कलम ५३११’ खाली केंद्राचा निधी मिळतो आणि त्यावर चालणारी सेवा सर्वांसाठी खुली असते. ती फक्त ज्येष्ठांसाठीच, हा गैरसमज.

निदान एक कामाचा दिवस आधी फोन करा. सोमवारची फेरी शुक्रवारीच नोंदवावी. घरून निघायची वेळ सांगू नका, दवाखान्यात पोहोचायची वेळ सांगा. वाटेत इतर प्रवासी घेतले जातात, त्यामुळे वीस मिनिटांच्या रस्त्याला तासही लागतो. व्हीलचेअर असेल तर माणसासह तिचं वजन आधीच कळवा. नियमानुसार लिफ्टने किमान ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो पेललं पाहिजे.

खरी फजिती होते ती परतीला. तपासणी लांबते, बस निघून जाते आणि संध्याकाळी सेवाच बंद. म्हणून भेट सकाळची घ्या आणि ‘काम झालं की फोन करीन’ अशी परतीची सोय आहे का ते विचारा. बस चुकली तर गैरहजेरी लागते. वारंवार झाल्यास नोंदणी काही काळ थांबवतात. जायचं नसेल तर वेळेत रद्द करा.

भाडं सुट्टं ठेवा. मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असल्यास उपचारांसाठीच्या प्रवासाची सोय मिळते, पण तिची नोंदणी बहुधा वेगळ्या क्रमांकावर होते.