सॅं-पिएर द मोंमार्त्र: चर्च वेदीकडून कसं वाचावं

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर चढलेले लोक साक्रे-करच्या पांढऱ्या घुमटाकडे वळतात, आणि शेजारचं सॅं-पिएर चर्च तसंच राहतं. पहिल्या खेपेला मीही फसलो. दर्शनी भिंत अठराव्या शतकातली दिसली, म्हटलं, यात काय बघायचं! तीस वर्षं बांधकामावर सुपरवायझरकी केलेल्या माणसाने दर्शनी भागावरून इमारतीचं वय ठरवावं, म्हणजे कमालच.

तेव्हा दारात रेंगाळू नका. सरळ वेदीपर्यंत जा. अशी चर्चं बहुधा पूर्वेकडून, वेदीच्या बाजूने बांधायला घेत, कारण प्रार्थना लवकर सुरू व्हायला हवी असे. दर्शनी भागाची पाळी शेवटी यायची.

वेदीपुढच्या दालनात मान वर करा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेल्या, मध्ये फुलीसारख्या छेदणाऱ्या दगडी फासळ्या दिसतील. माझ्या मते सगळी मजा इथेच आहे. आधी लाकडी सेंटरिंगवर फासळ्या उभारायच्या, मग मधले त्रिकोण दगडाने भरायचे. भार चार कोपऱ्यांत उतरतो, म्हणून मधल्या भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात. आता जाडी बघा. नंतरच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या उंच शैलीतल्या चर्चमध्ये फासळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या सडपातळ होतात, इथल्या मात्र चांगल्या जाडजूड आहेत. गवंड्यांना युक्ती सापडली होती, पण तिच्यावर भरवसा बसायचा होता. नव्या पद्धतीच्या पहिल्या स्लॅबखाली मीही दोन टेकू जास्तच ठेवायचो.

तारखा आता जुळतात. 1133 च्या सुमारास राजा सहावा लुई आणि राणी अडेलेड यांनी इथे बेनेडिक्टिन पंथाच्या ननचा मठ बसवला. 1147 मध्ये पोप तिसरे यूजीन यांच्या हस्ते चर्चचं पवित्रीकरण झालं. गॉथिकची सुरुवात म्हणून ज्याचा दाखला देतात, तो पॅरिसजवळच्या सॅं-दनी चर्चचा वेदीभाग जेमतेम तीन वर्षं आधीचा, 1144 चा. राणीची कबरशिळा आजही याच चर्चमध्ये आहे, ती चुकवू नका.

तिथून मागे फिरा. वेदीभागाच्या तोंडाशी दोन आणि दाराच्या आतल्या अंगाला दोन, असे चार संगमरवरी खांब शोधा. बाकीच्या दगडात ते उपरे वाटतात, आणि आहेतच. कुठल्यातरी अधिक जुन्या इमारतीतून ते काढून आणलेले. चांगला माल भंगारात घालायचा नाही, हे त्या काळच्या ठेकेदारालाही कळत होतं.

मधल्या दालनाचं छत 15 व्या शतकात पुन्हा घातलेलं. मान वर करून दोन्ही छतांची तुलना करा, तीनशे वर्षांचं अंतर आपोआप दिसेल. वेदीकडची बाजू ननची आणि हे दालन पॅरिशच्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या लोकांचं, अशी एकाच छपराखाली वाटणी होती. या वाटणीनेच चर्च तरलं असावं, असं मला वाटतं. राज्यक्रांतीत मठ मोडला, शेवटच्या मठाधिपतीणबाईंना 1794 मध्ये गिलोटिनवर चढवलं, वेदीभागाच्या डोक्यावर क्लोद शाप यांच्या, हलत्या हातांच्या खुणांनी लांबवर संदेश देणाऱ्या यंत्राचा मनोरा बसला. पॅरिशचं चर्च मात्र राहिलं.

रंगीत काचा शेवटी बघा, त्या 20 व्या शतकातल्या आहेत. बाहेरची कांस्याची दारं तर 1980 ची. फोटो काढायचाच असेल तर तिथे काढा.